मदत हवी आहे: ब्लेंडर आणि गोष्टीचा अभ्यास एकत्र कसा बसवायचा?

किनखाप:
थ्रीडी कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन शिकतोय. नोकरी सांभाळून रोज दोन तास, रविवारी पाच. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) उघडलं की आठवडा रिगिंगच्या, म्हणजे पात्राला हलवता येणारा सांगाडा बसवण्याच्या, ट्यूटोरियलमध्ये जातो. पटकथा घेऊन बसलं की ग्राफ एडिटर (हालचालीच्या वक्ररेषा) मागे पडतो. आठ मिनिटांच्या फिल्मची कल्पना आहे: पाच पात्रं, पाऊस, संवाद. वेळ कसा वाटावा?

काजळरेघ:
वेळ वाटू नका, गोष्ट कापा. आठ मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने ११,५२० फ्रेम. २० सेकंद घ्या, ४८० फ्रेम. एक पात्र, एक वस्तू, एक अडचण. उदा. रात्रपाळीचा वॉचमन आणि एक पाय आखूड असलेली प्लास्टिकची खुर्ची. पाऊस नको, संवादही नको. रिग स्वतः बनवत बसू नका. ब्लेंडर स्टुडिओचे तयार रिग फुकट मिळतात.

पहिला आठवडा रिग उघडायचाच नाही. कागदावर १२-१५ चित्रं काढा, काडीची माणसं चालतील. फोटो काढून ब्लेंडरच्या व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये ओळीने लावा, खुर्चीची करकर तोंडानेच काढून रेकॉर्ड करा. हे अ‍ॅनिमॅटिक घरातल्या कुणाला काही न सांगता दाखवा आणि एवढंच विचारा: ‘याला काय हवंय?’ उत्तर आलं नाही, तर बहुतेक वेळा नजरेचं चित्र राहिलेलं असतं. बसण्याआधी तो खुर्चीकडे बघतो, डुगडुगल्यावर तिच्या पायाकडे. किंवा ते चित्र पडद्यावर टिकतच नाही. विचार बदललेला कळायला १२ ते २० फ्रेम तरी द्या. कागदावर ही दुरुस्ती दहा मिनिटांची आहे, स्प्लाइन झाल्यावर (पोझमधली हालचाल सलग केल्यावर) नाही.

उंबरठा:
अ‍ॅनिमॅटिकबद्दल +१, पण सगळं तंत्र गोष्टीच्या ओघात आपोआप येईल असं मला वाटत नाही. ज्याला ग्राफ वाचता येत नाही तो खुर्चीच्या शॉटमध्ये अडकणारच. आधी उसळता चेंडू आणि लंबक करा, रोज अर्धा तास, वक्ररेषा बघून हालचाल ओळखता येईपर्यंत.

शॉटमध्ये हमखास बिघडतं ते असं. ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझचा कच्चा आराखडा, कॉन्स्टंटवर छान दिसतं (कीज, म्हणजे पोझ नोंदवलेल्या फ्रेम, निवडून टी दाबा), आणि बेझिअर केलं की पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. कारण कॉन्स्टंटवर पोझ थांबते आणि एका फ्रेममध्ये बदलते. बेझिअरवर तोच बदल दोन कीजच्या मधल्या सगळ्या फ्रेममध्ये पसरतो, थांबणं उडून जातं. उपाय: थांबायचं असेल तिथे तीच पोझ थांब्याच्या शेवटी पुन्हा की करा, मग बदलाला ४ ते ६ फ्रेम ठेवा आणि मध्ये एक ब्रेकडाउन (मधली पोझ) द्या. थांब्यातही थोडी हालचाल हवी, नाहीतर पुतळा होतो. दोन सारख्या कीजच्या मध्ये रेषा फुगत असेल तर व्ही दाबून ऑटो क्लॅम्प्ड निवडा.

हात खुर्चीवर टेकलेला असताना आयके (पंजा हलवला की बाकी हात त्याच्यामागे येतो), हवेत हलताना एफके (खांद्यापासून एकेक सांधा फिरवायचा). हवेतही आयके ठेवलात तर मनगट सरळ रेषेत सरकतं, कमान येत नाही.

काजळरेघ:
चेंडू-लंबकाचं मान्य, अ‍ॅनिमॅटिकच्या आठवड्यातच तो अर्धा तास बसतो. रिगिंगचीच नोकरी हवी असेल तर मात्र हिशेब उलटा, मग गोष्ट बाजूला ठेवली तरी चालेल.

गोष्टीच्या अभ्यासाला पटकथेची पुस्तकं एवढ्यात नकोत. आठवड्याला एक प्रसंग आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कटला एक ओळ लिहा: आता नवीन काय कळलं? एकांकिका बघायला मिळाली तर बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्या नटाकडे बघा. तुमच्या वॉचमनला तेच करायचंय.

किनखाप:
खुर्ची घेतली. पण शेवटी त्याला एक वाक्य द्यायचा मोह होतोय. लिप-सिंक जमेल?

उंबरठा:
एक वाक्य चालेल, पण ओठ सगळ्यात शेवटी. आधी धड आणि मान, मग डोळे, मग जबड्याची फक्त उघडझाप, त्यानंतर ओठांचे आकार. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा. प, ब, म ला ओठ किमान दोन फ्रेम मिटलेले हवेत. एकाच फ्रेमला मिटले तर मिटलेले दिसतच नाहीत.