राजीनाम्यावर सही करण्याआधी पगाराची पावती पाहा

दुकान बंद होताना पुढे केलेल्या राजीनाम्यावर मुकाट्याने सही करून अनुभवाचे पत्र पदरात पाडून घ्यावे, असा सल्ला दिला जातो, तो मला निम्माच पटतो. पत्र हवेच, परंतु ज्यांच्या पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) ०.७५ टक्के वर्गणी कापली जात होती (१८,००० रुपयांवर १३५ रुपये, पावतीच्या कपातीच्या रकान्यात ती दिसते), त्यांच्यासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, जिच्यात नोकरी गेल्यावर सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम कमाल ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच मिळते. गैरवर्तन किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे काम गेले असल्यास हा लाभ नाही, म्हणून ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून देणे अंगलट येऊ शकते. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. तेव्हा सध्याच्या अटी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारून घ्याव्यात.

नव्या कामाबद्दल एवढेच, की वाशीच्या मॉलमध्ये माझ्यासोबत बिलिंग सांभाळणाऱ्या सहकारी भिवंडीच्या गोदामात मुलाखतीला गेल्या, तेव्हा त्यांना विक्रीविषयी काहीच विचारले नाही. हाती स्कॅनर देऊन रॅकवरचा माल मोजायला आणि संगणकातील साठ्याशी त्याची तफावत काढायला सांगितले, जे काम त्या दर महिनाअखेरीस करतच होत्या, पण अर्जात मात्र त्याचा उल्लेखही नव्हता.