मदत हवी आहे: पॅन्ट सीटला (नितंबांवर) बसली की कमरेला ढगळ

रानजाई
वैतागले आहे. जी पॅन्ट मांड्यांवरून चढते ती मागे कमरेला एवढी उघडी पडते की खाली बसायची चोरी. एक साइज कमी घेतली तर वरच येत नाही. माझा साइज नेमका कुठला धरायचा? आजच ऑर्डर करायची आहे. बेल्ट सुचवू नका, लावून झालाय.

सुईदोरा
जीन्स की फॉर्मल? कापड ताणतं का? फट फक्त मागे की सगळीकडून ढिली? आणि मापं?

निवांत
रुंद बेल्ट घ्या, प्रश्न मिटला.

रानजाई
@निवांत, शेवटची ओळ वाचलीत का?
@सुईदोरा, 32. कधीकधी 34.

सुईदोरा
अहो, ते लेबल झालं. टेप घ्या. सीट सगळ्यात भरलेल्या जागी, पाय जुळवून. कंबर दोन ठिकाणी मोजा, बारीक असते तिथे आणि पॅन्ट टेकते तिथे. टेप आवळू नका.

गोंधळी
साइजच्या आकड्यांचं मुळातच गौडबंगाल आहे. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे 15,000 बायका मोजल्या, प्रत्येकीची 59 मापं. हिशोबात धरल्या फक्त गोऱ्या. त्यावरून 1958 मध्ये प्रमाण साइज ठरले, 1983 मध्ये तेही रद्द केले. आता जो तो ब्रँड आपलं घोडं दामटतो. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावतात. युरोपातल्या प्रमाणात सरळ सेंटीमीटर लिहायची सोय आहे, पण

रानजाई
पण मी ऑर्डर काय करू?

हितचिंतक
रोज तासभर चाला. सीट आपोआप कमी होईल.

खट्याळ
@हितचिंतक, वजनाचं कुणी विचारलं? बारीक झाली तरी कंबर आणि सीटमधला फरक राहायचाच. कटीची हाडं चालून अरुंद होतात होय?

हितचिंतक
चांगलं सांगायला गेलं तर हे असं. असो.

मनमौजी
इलॅस्टिकच्या पॅन्ट घ्या, मी बाकी सगळ्या सोडल्या. माझी अडचण वेगळीच, छाती भरलेली, खांदे अरुंद. शर्टाचं मधलं बटण ताणून फट पडते. तिथे काय करावं?

सुईदोरा
@मनमौजी, छातीच्या मापाने घ्या. खांदा उसवून आत घेता येतो, पण मुंढ्यासकट सगळं काम पुन्हा करावं लागतं. बटणांमध्ये आतून प्रेसबटण लावलंत तर तेवढ्यावर भागेल. पण धागा पॅन्टचा आहे.

खट्याळ
पॅन्टचाच आहे तर खिशांबद्दलही बोला. मोबाइल अर्धा बाहेर लोंबतो.

रानजाई
मोजलं. बारीक जागी कंबर 29, सीट 41. पॅन्ट टेकते तिथे 33, पण ती पॅन्ट लो राइज आहे, म्हणजे कमरेच्या खाली बसणारी. जीन्सच हवीय. ताणतं म्हणजे थोडंफार.

सुईदोरा
हे आधी सांगितलं असतंत तर! फरक 12 इंचांचा. तयार कपड्याचा साचा साधारण 10 इंच धरून कापतात, म्हणून सीटला बसली की कमरेला दोनेक इंच जादा राहतात. तेव्हा साइज सीटवर ठरवा, तक्त्यात 41 ज्या ओळीत येईल तो. लेबलवर काहीही असो. राइज हाय घ्या, म्हणजे पॅन्टची कमरपट्टी बारीक जागी टेकेल. उरलेलं टेलरकडून मागच्या मधल्या शिवणीतून आत घ्या. दोन इंचांपर्यंत चालतं.

गोंधळी
मधली शिवण नको, जीन्सवर तिथे दुहेरी टीप असते, उसवलेलं दिसतं. मागे दोन टक्स (कापड चिमटीत धरून घातलेल्या शिवणी) घाला.

सुईदोरा
टक्स फॉर्मलला. जीन्सला मागे कमरपट्टीखाली जाड योक (आडवा जोडलेला तुकडा) असतो, त्यावर टक्स फुगतात. टीप दिसू नये तर धागा त्याच रंगाचा न् जाडीचा वापरायला सांगा.

रानजाई
बरं. पण मागचे खिसे जवळ येणार नाहीत का? आणि बेल्टचा मधला लूप?

सुईदोरा
लूप काढून पुन्हा बसवतात. खिसे थोडे जवळ येतात. दोन इंचांहून जास्त असेल तर अर्धं बाजूच्या शिवणीतून घ्यायचं. आधी एकदा धुवा, मगच टेलरकडे न्या. सुती कापड आटतं.

निवांत
तोवर बेल्ट.