जुन्या होडीला जड इंजिन: वजन पुढं न्यायचं की पिन बदलून भागतं?

भीमाकाठ:
करमाळ्याकडं उजनीच्या काठावर एका जुन्या फायबर होडीचं २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक उतरवून ४० चं फोर-स्ट्रोक चढवलंय. आधीचं ५० किलोच्या आसपास, नवं १०० ला टेकलेलं. होडी उभी असताना मागची, इंजिन टांगायची फळी पाण्यावर जेमतेम वीतभर राहते. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढं नेल्याशिवाय तिच्यात माणसं बसवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

टेंभुर्णीकर:
एवढं काही नाही मालक. टिल्टची पिन, म्हणजे इंजिनाचा कल ठरवणारी, एक भोक आत फळीकडं घ्या, चालताना पुढचं टोक आपोआप खाली बसतं. उजनीची लाट आखूड. नाक जड केलं की ते लाटेत घुसतं, मग होडी वळवताना ऐकत नाही.

भीमाकाठ:
पिनचा उपयोग इंजिन रेटत असतानाच. जाळं ओढायला इंजिन बंद केलं की मागचं वजन आहे तेवढंच. वेगात असताना एकदम रेस सोडली तर होडीचीच लाट मागून फळीवर चढते. २०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जीव गेले. तिथं इंजिनाचा दोष होता असं मी म्हणत नाही, पण तसल्या वाऱ्यात वीतभर फळी काय कामाची?
आणि नाक जड करा असंही नाही. जुनं इंजिन उतरवण्याआधी पाण्याची रेघ दोन्ही टोकांना ऑइलपेंटनं मारून घ्यायची. नवं बसवल्यावर होडी त्या रेघेपासून पुढं-मागं सारखीच खाली बसेपर्यंत वजन सरकवायचं.

फायबरकाम:
आधी फळी तरी तपासा. जुन्या होडीत फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. लाकडी हातोडीनं ठोका. कणखर आवाज आला तर ठीक, बद्द आला तर इंजिन चढवूच नका. बोल्ट आवळताना वॉशर आत रुतत असेल तरी तेच. उंचीही मोजा, १५ इंची फळीला २० इंची शाफ्टचं (पंख्यापर्यंतच्या लांब दांड्याचं) इंजिन लावलं तर पंखा फार खोल जातो.

टेंभुर्णीकर:
फळीचं मान्य. टाकीचं नाही. २५ लिटर पेट्रोल म्हणजे १८-१९ किलो, परतीला ते संपलेलं. त्याच्यावर तोल कसा धरणार? त्यापेक्षा २५ चंच फोर-स्ट्रोक घ्या, ६०-७० किलोत भागतं.

भीमाकाठ:
टाकीचा मुद्दा बरोबर, ती मध्यावर ठेवू. बॅटरी मात्र पुढंच, जाड वायर टाकून. लहान इंजिनाचं मालकाशी बोलतो, पण फळी ठोकून बघितल्यावरच.