क्रशरची लेव्हल ऑटोला हेलकावे खाते, गेन किती ठेवू?

रबाळे_पॅनेल:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं पॅनेलचं वर्कशॉप आहे. विदर्भातल्या एका मँगनीज प्लांटच्या कोन क्रशरसाठी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोल संगणक) पॅनेल करून दिलं. क्रशरच्या तोंडावर रडार लेव्हल सेन्सर, मागे बंकरखालच्या फीडरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). लेव्हल ६० टक्के धरून ठेवायची, एवढंच काम. वर्कशॉपमध्ये पॉट (सेन्सरऐवजी खोटा सिग्नल देणारी फिरकी) फिरवून टेस्ट केलं तेव्हा झकास चाललं. साइटवर ऑटोला टाकलं की लेव्हल २० ते ९५ वरखाली होते, मोटरचे अँपिअरही तसेच नाचतात, शेवटी हाय लेव्हलला फीडर ट्रिप. ऑपरेटर वैतागून मॅन्युअलला टाकतो आणि फीडर इतका हळू ठेवतो की क्रशर अर्धा रिकामा. लेव्हल बघून फीडर आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचा गेन (फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं) २, आय-टाइम (साचलेला फरक किती वेळात भरून काढायचा) २० सेकंद. फीडर ते क्रशर ६० मीटरचा बेल्ट, वेग सेकंदाला दीड मीटर. सेन्सर बदलू का?

ठाणे_कमिशनिंग:
सेन्सरला हात लावू नका. ६० भागिले दीड, ४० सेकंद. फीडर आत्ता वाढवला तर क्रशरला ४० सेकंदांनी कळतं. तोवर तुमचा पीआयडी ‘लेव्हल आलीच नाही’ म्हणत फीडर वाढवतच राहतो. मग फीडर बंद केला तरी बेल्टवर चढलेला माल यायचा तो येणारच. कितीही भारी कंट्रोलर आणा, बेल्टच्या आधी तो पोचणार नाही.

आधी बंप टेस्ट घ्या. मॅन्युअलवर लेव्हल सपाट झाली की फीडर ५ टक्के वाढवा आणि ट्रेंड बघा: लेव्हल किती सेकंदांनी चढायला लागली आणि कोणत्या वेगाने चढली. समजा सेकंदाला ०.०५ टक्के चढली. ५ ने भागा, ०.०१ आलं. स्कोगेस्टाडच्या २००३ च्या पीआयडी ट्यूनिंगच्या नियमाने गेन म्हणजे १ भागिले (०.०१ × ८०), म्हणजे १.२५. त्यातले ८० म्हणजे डेड टाइमची, म्हणजे त्या ४० सेकंदांच्या उशिराची, दुप्पट. आय-टाइम डेड टाइमच्या आठपट, ३२० सेकंद. डी (बदलाच्या वेगावर चालणारा भाग) शून्य. बघा, गेन फारसा चुकलेला नसेलही, घोळ त्या २० सेकंदांचा आहे.

आणि क्रशर अर्धा रिकामा चालवू देऊ नका, हे कळकळीने सांगतो. कोन क्रशर गच्च भरलेला असला की दगडावर दगड फुटतो, माल एकसारखा येतो, लायनर (आतलं झिजणारं अस्तर) सगळीकडून सारखा झिजतो. थोडा थोडा माल टाकत राहिलात तर लायनर एकाच पट्ट्यात खाल्ला जातो.

खाण_शिफ्ट:
दादांचं बरोबर आहे, पण ट्यूनिंगआधी गॅप (क्रशरमधून माल खाली पडतो ती फट) मोजा. आम्ही रिकाम्या चालू क्रशरमध्ये तारेला बांधून शिशाचा तुकडा सोडतो, दाबून आला की व्हर्नियरने जाडी बघतो. लायनर झिजून गॅप वाढला असेल तर माल भसाभस खाली जातो, लेव्हल पडते, पीआयडी फीडर वाढवतो. मग जाड माल चाळणीवरून परत क्रशरला, बेल्टवर डबल लोड. च्यूटमधून माल एकाच बाजूला पडत असेल तर तेही बघा. सेन्सर त्याच बाजूचा ढीग मोजत बसतो.

रबाळे_पॅनेल:
बंप टेस्ट घेतली. डेड टाइम ४७ सेकंद निघाला, च्यूट आणि फीडरचा वेळ धरून. नवीन सेटिंगला लेव्हल ५५ ते ६६ मध्ये राहतेय, ऑपरेटरने मॅन्युअलला हात लावलेला नाही. गॅपही वाढलेला होता, सेट केला. आता मोटरच्या पॉवरसाठी दुसरा पीआयडी लावायचाय. दोन्ही एकाच फीडरला कसे जोडू?

ठाणे_कमिशनिंग:
दोघांचे आउटपुट लो-सिलेक्टला द्या, कमी असेल तो फीडरला जाईल. जो निवडला गेला नाही त्याला ट्रॅकिंग द्या, म्हणजे तो फीडरला जाणाऱ्या आकड्याच्या सोबत राहील, नाहीतर त्याची आय-टर्म वर जाऊन अडकते आणि त्याची पाळी आली की तो वेळेवर खाली येत नाही. पॉवरच्या लूपलाही तोच बेल्ट आहे, तेव्हा पॉवरचा सेटपॉइंट ट्रिपच्या बराच खाली ठेवा. पुढच्या पॅनेलला रबाळेतच पीएलसीत शिफ्ट रजिस्टर (आकडे एकेक घर पुढे सरकवणारी रांग) टाकून ४७ सेकंदांचा खोटा बेल्ट करा आणि त्यावर टेस्ट घ्या. पॉट फिरवून हे दिसत नाही.