जुन्या डेस्कटॉपवर यूट्यूब एचडी अडकतंय, नेट तर मस्त आहे!

पिंट्या_सांगलीकर
मंडळी, मदत करा. घरी २०१० चा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, इंटेल जी४१ चा मदरबोर्ड, विंडोज ७, क्रोम. बाबा रिटायर झालेत, संध्याकाळी त्यावर कीर्तनं बघतात. ३६० ला ठीक चालतं पण ७२० केलं की आवाज पुढे आणि चित्र मागे, म्हणजे अभंग संपून गजर सुरू झाला तरी पडद्यावर बुवा चिपळ्या हवेत धरून उभेच. फॅन तर असा ओरडतो की लाल डबा घाट चढतोय. नेट ५० एमबीपीएस फायबर, त्याच राउटरवर माझ्या मोबाईलवर १०८० लोण्यासारखं चालतं. इथल्या एका दुकानदाराने रॅम दोनाची चार जीबी करून पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतो पीसीच बदला.

जुना_स्क्रू
रॅमचे पैसे गेले म्हणायचे. १०८० ला ५ एमबीपीएस वगैरे पुरतं, तेव्हा नेटला शिव्या घालू नका. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतीच्या ओळीत बघा. व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर चोर सापडला. यूट्यूब हल्ली व्हीपी९ नाहीतर एव्ही१ पाठवतं, त्याने त्यांचा डेटा वाचतो पण ते उलगडायला मेहनत जास्त. मोबाईलच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा डिकोडर असतो, तुमच्या पीसीत नाही, सगळा भार प्रोसेसरवर, म्हणून फॅन बोंबलतो. क्रोममध्ये ‘एच२६४इफाय’ नावाचं एक्स्टेन्शन टाका, मग यूट्यूब जुना एच.२६४ कोडेक देतं, तो हलका. त्यातच ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं) बंद करायची टिक आहे तीही मारा.
आणि कॅबिनेट उघडून हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) बघा हो, माझ्या पीसीत फॅनखाली धुळीची अख्खी गोधडी निघाली होती. ब्रशने साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली, निम्मा आवाज तिथेच गेला.

हेमाताई_नाशिक
विंडोज ७ वर क्रोम १०९ लाच थांबलंय, २०२३ पासून अपडेट नाही, त्यामुळे बँकेचं काही त्यावर करू नका एवढं बाबांना सांगा. मी आईच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली, पहिले दोन दिवस कुरकुर केली, आता ती स्वतःच बातम्या लावते. डाउनलोड केलेली फाइल असेल तर ब्राउझरमध्ये ओढू नका, एमपीव्ही किंवा एमपीसी-एचसी या प्लेअरमध्ये लावा, एचडीला फरक कळतो.

कोल्हापुरी_चप्पल
ग्राफिक कार्ड टाका की सरळ! जीटी ७१० स्वस्तात मिळतं.

जुना_स्क्रू
@कोल्हापुरी_चप्पल अहो भाऊ, ७१० एच.२६४ उचलतं, व्हीपी९ नाही, म्हणजे एक्स्टेन्शन लागणारच. जीटी १०३० व्हीपी९ आणि एचईव्हीसी (आणखी एक नवा कोडेक) दोन्ही करतं, पण इतक्या जुन्या बोर्डवर नवं कार्ड चालेलच असं नाही, आणि त्या पैशांत अजून थोडे घातले तर सातव्या पिढीचा इंटेलवाला सेकंडहँड पीसी येतो, व्हीपी९ चं हार्डवेअर आत असतंच. म्हाताऱ्या बैलाला नवी झूल कशाला.

पिंट्या_सांगलीकर
सगळ्यांचे आभार! व्हीपी०९ च होतं. एक्स्टेन्शन टाकलं, आता एव्हीसी१ म्हणजे एच.२६४ दाखवतंय, ७२० ला सीपीयू शंभरावरून साठ-पासष्टवर आला, पंधरा मिनिटांत ड्रॉप्ड फ्रेम्स (गाळलेली चित्रं) फक्त ११. १०८० मात्र अजून धक्के खातं, तो नाद सोडला. हीटसिंकमधून धुळीबरोबर एक वाळकी पालपण निघाली, आई अजून त्या खोलीत यायला तयार नाही. बाबा काल रात्री साडेअकरापर्यंत बघत बसले, आता नवीन तक्रार: हेडफोन कुठे लावायचा, पुढचा जॅक चालत नाही 😅

जुना_स्क्रू
मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर बोर्डवर लावायची राहिली असेल, असेंबल करणारे हे हटकून विसरतात.