मदत हवी आहे: शाळेतल्या पोषण आहाराच्या वार्षिक आराखड्यात उद्दिष्टं काय लिहू?

रानफूल
सोमवारी आराखडा द्यायचा आहे. ‘मुलांचे पोषण सुधारणे, उपस्थिती वाढवणे’ असं लिहून दिलं होतं, ते आसपासच्या शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुखांनी परत पाठवलं. मोजता येईल असं लिहा, कोण करणार, कधीपर्यंत करणार तेही लिहा म्हणाले. कोणाकडे तयार नमुना असेल तर कृपया इथे टाका. आमच्याकडे मटकीची उसळ असली की निम्मी मुलं नुसता भात खातात आणि उसळ टाकून देतात. याचं काय करायचं तेही सांगा. लवकर.

डोंगरवाट
पट किती? वर्ग कितवीपर्यंत? शाळेत शिजतं की सेंट्रल किचनमधून येतं? सरकारी प्रमाण असं: पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. दुसऱ्या शाळेचा नमुना तुम्हाला लागू होईलच असं नाही.

शेवंता
परसबाग करा ताई! आमच्या शाळेत हात धुवायच्या नळाचं पाणी वाफ्यांत सोडलंय. पालक, मेथी, कढीपत्ता, कुंपणाला शेवगा. शेवग्याचा पाला आमटीत घातला तर मुलं काही न बोलता खातात. उद्दिष्ट हेच लिहा, फोटोही चांगले येतात.

निवृत्तमास्तर
योजना १९९५ सालची. सुरुवातीला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, शिजवलेलं अन्नच द्या. आधी हेतू समजून घ्या, मग उद्दिष्ट आपोआप सुचेल.

रानफूल
सर, हेतू माहीत आहे हो, मला रकाने भरायचे आहेत. पट ६३, पहिली ते पाचवी, शाळेतच शिजतं. स्वयंपाकाला दोन ताई आहेत. आता सांगा.

भाकरतुकडा
अंडी सुरू करा. ‘आठवड्याला प्रत्येक मुलाला एक अंडं’ यापेक्षा मोजता येणारं उद्दिष्ट कोणतं? अंडं एकही मूल टाकत नाही.

कृष्णाकाठ
अंड्यांसाठीचा राज्याचा निधी जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने बंद झाला. आता लोकवर्गणीतून द्यायची. ६३ मुलांची अंडी दर आठवड्याला कोण देणार? आणि आमच्या गावात निम्मी घरं माळकरी आहेत.

भाकरतुकडा
न खाणाऱ्यांना केळं देत होतेच की. माळकरी आहेत म्हणून बाकीच्यांचं प्रथिन का तोडायचं? शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, वाढदिवसाला अंडी देणारे पालक मिळतात.

कृष्णाकाठ
एखाद्या वाढदिवसावर वर्षभराचा आराखडा उभा राहत नाही. जे हमखास मिळणार नाही ते उद्दिष्टात लिहायचं आणि मार्चमध्ये शून्य दाखवायचं, यात मुख्याध्यापकच अडकतात.

नवीगुरुजी
पोषण आहाराची रोजची माहिती भरायच्या एमडीएम अॅपवर काल भरलेली लाभार्थी संख्या आज दुरुस्त कशी करायची? ऑप्शन दिसत नाही.

शेवंता
पंचायत समितीतल्या पोषण आहार अधीक्षकांना विचारा.

डोंगरवाट
रानफूल ताई, मटकी भिजत कधी घालतात? आणि मोड येतात का?

रानफूल
सकाळी ताई आल्या की घालतात. कोठीच्या खोलीला कुलूप असतं, किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते आले की सामान मोजून निघतं. मोड कुठले, वेळच नसतो. त्याचा आराखड्याशी काय संबंध?

डोंगरवाट
सगळा संबंध तिथेच आहे. तीन तास भिजलेली मटकी धड शिजत नाही, दाताखाली कचकच लागते. मुलं ती टाकणारच. बुधवारी उसळ असेल तर सोमवारी शाळा सुटायच्या आधी मटकी मोजून द्या. माणशी २० ग्रॅम, म्हणजे पूर्ण हजेरीला सव्वा किलोच्या आसपास. रात्रभर पाण्यात, मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, बुधवारी चांगले मोड. आता उद्दिष्ट असं लिहा: टाकून दिलेली उसळ दिवाळीपर्यंत निम्म्यावर आणणे. मोजायचं कसं? ताटातली उसळ एका घमेल्यात, भात दुसऱ्यात, घमेल्याचं वजन वजा करायचं. पहिला महिना फक्त मोजा, काही बदलू नका. तो आकडा हाती आला की निम्मं म्हणजे किती ते कळेल.

कृष्णाकाठ
म्हणजे आणखी एक रजिस्टर! शिक्षकांनी शिकवायचं कधी?

डोंगरवाट
नवं रजिस्टर कशाला? वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरमध्ये नोंद होतेच, त्याच ओळीत शेरा म्हणून वजन लिहा. तेही फक्त उसळीच्या दिवशी. पाचवीच्या मुलांना वजाबाकी करू द्या, मोजमापाचा पाठ होतो.

भाकरतुकडा
पण उरलेलं अन्न म्हणजे पोषण नव्हे. उंची-वजन घ्या, तेच खरं.

डोंगरवाट
उंची-वजन घ्याच, आरोग्य तपासणीला लागतं. पण शाळेत एकच जेवण मिळतं, बाकी घरी. चार महिन्यांत वजन वाढलं नाही तर दोष कुणाचा हे तुम्ही ठरवू शकणार नाही. पोटात न गेलेल्या उसळीचं प्रथिन मात्र नक्की वाया गेलं. ते तुमच्या हातात आहे.

शेवंता
आणि उसळीत परसबागेतली कोथिंबीर, कढीपत्ता. ते कृतीच्या रकान्यात घाला ना!

रानफूल
हे जमेल असं वाटतंय. कच्चं लिहिलंय, बघा:
‘उद्दिष्ट: टाकून दिली जाणारी उसळ दिवाळीपर्यंत निम्म्यावर. कृती: कडधान्य दोन दिवस आधी मोजून देणे. जबाबदारी: शाळा. मोजणी: दर सोमवारी व बुधवारी.’

डोंगरवाट
दोन दुरुस्त्या. ‘शाळा’ लिहाल तर कुणीच करणार नाही. कडधान्य काढून देणं मुख्याध्यापक, भिजवणं आणि बांधणं स्वयंपाकी ताई, वजन तुम्ही, अशी तीन पदं लिहा. मुख्याध्यापक रजेवर असतील तेव्हा किल्ली कुणाकडे तेही लिहा. दुसरं म्हणजे सोमवारी उसळ नकोच, रविवारी फडक्यात बांधायला कोण येणार? सोमवारी डाळीचा पदार्थ ठेवा, उसळ बुधवारी आणि शुक्रवारी.

रानफूल
किल्लीचं उद्या सरांशी बोलते. ते हो म्हणाले तरच ही ओळ आराखड्यात घालते.