विभक्त पालकांमधील मुलीबाबतचे वाद पुन्हा न्यायालयात न जाता मिटवता येतील का?

पंचवटीतील बाबा:
२०२१ मध्ये आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी आईजवळ नाशिकरोडला राहते. तडजोडनाम्यात ‘पहिला व तिसरा शनिवार-रविवार वडिलांकडे, सणांच्या भेटी उभयतांच्या संमतीने’ एवढेच लिहिले आहे, आणि त्या ‘उभयतांच्या संमतीने’वरच आमचे सगळे भांडण चालते. यंदा रंगपंचमीला तिला रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) दाखवायची होती. दिवस माझ्या वाट्याचा नव्हता, म्हणून नकार आला. त्यातच आता शनिवारी तिचा कथकचा क्लास असतो. यापूर्वी दोनदा अर्ज केले, पण तारखा पडत राहिल्या आणि आदेश होईपर्यंत मे महिन्याची सुट्टी संपून गेली. दुसरा काही मार्ग आहे का?

निवृत्त समुपदेशिका:
तडजोडनामे बहुधा घटस्फोट लवकर मिळावा या घाईत लिहिले जातात, त्यामुळे मुलांविषयीचा मजकूर दोन ओळींत उरकलेला असतो. तो आता दोघांनी मिळून सविस्तर लिहून काढावा. दिवाळी एका वर्षी कोणाकडे आणि पुढच्या वर्षी कोणाकडे, गणपतीत स्थापनेला कोठे आणि विसर्जनाला कोठे, क्लास सुटल्यावर तिला कोणी आणायचे, ती आजारी पडून भेट चुकली तर बदली दिवस कोणता, हे सारे त्यात यावे. बदल हवा असल्यास किती दिवस आधी कळवायचे आणि मतभेद झाल्यास प्रथम कोणाकडे जायचे, हेही लिहावे. ही व्यक्ती दोघांच्याही माहेरची किंवा सासरची नसावी. मामा-काकांच्या मध्यस्थीने चिघळलेली प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

वकिली करणारा वाचक:
वरील सूचना योग्य आहे, मात्र घरी लिहिलेला कागद न्यायालयाच्या आदेशाची जागा घेत नाही. एकमत झाल्यावर त्याच न्यायालयात संयुक्त अर्ज करून नव्या अटी नोंदवून घ्याव्यात. वाद उरलेला नसल्याने हे काम लढतीच्या अर्जापेक्षा पुष्कळ सोपे असते. मुलांच्या ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात स्पष्ट केले आहे. मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, त्यामुळे खर्चाच्या कारणाने मुलीच्या आईला मागे राहावे लागणार नाही. मुलीला पाठवलेच जात नसेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर मात्र मध्यस्थीत वेळ न दवडता न्यायालयातच जावे.

सिडकोतील आई:
आमचे प्रकरण वेगळे, पण मी समोरच्या बाजूची, म्हणजे मूल सांभाळणारी आई आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. रात्री दहा वाजता ‘उद्या नेतो’ असा निरोप आला की माझा नकार ठरलेला असे, मग कारण कितीही चांगले असो. आम्ही दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचे दिवस लेखी ठरवू लागलो आणि त्या संदेशांत जुना हिशेब काढायचा नाही, असे बंधन घालून घेतले. ते दोनदा मोडले, दोन्ही वेळा माझ्याकडूनच. शनिवारच्या क्लासविषयी म्हणाल, तर आपणच तिला तेथे सोडावे. तो वेळ आपल्याकडून हिरावला गेला असे का मानता?

पंचवटीतील बाबा:
क्लासबाबत मी तसा विचार केला नव्हता. रंगपंचमीचा निरोप मीही आदल्या रात्रीच पाठवला होता, हे मान्य करतो. आधी मे महिन्याच्या सुट्टीचे दिवस लिहून तिच्या आईकडे पाठवतो. त्यावर उत्तर आले, तर मध्यस्थीचा प्रस्ताव मांडतो.